विकायला काढलेला लेथ

मित्रांनो, मला विकायला काढलं आहे हे मला खंडेनवमीच्या सकाळी कळलं. इथे बंगळुरात या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. दत्ताने माझं अंग तेलाने पुसून नुकतीच झेंडूची माळ घातली होती. तेवढ्यात जुनी यंत्रं विकत घेणारा शिवकुमार टेम्पो घेऊन दारात आला. आमचे मालक कल्लाप्पाअण्णा खाली मान घालून म्हणाले, "दत्ता, माळ काढ. हा लेथ चाललाय."

मी लेथ आहे, बराच जुना. लोखंडाचा तुकडा माझ्या चकात घट्ट धरला, की तो गरागरा फिरतो आणि धारदार टूल त्याला आकार देतं. कोल्हापुरात मला ओतलं, घासलं, रंगवलं. तिथून मी बंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या भागात, या छोट्या शेडमध्ये आलो. अण्णा मूळ निपाणीकडचे. बहिणींची लग्नं करून दिली, त्यात स्वतःचं राहिलं. माझ्यावर त्यांनी काढलेला पंपाचा शाफ्ट पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, हा तर आरसा आहे!" मग अण्णा माझ्यावर थाप मारायचे आणि मी सुखावायचो. पुढे शेजारच्या शेडमध्ये संगणकावर चालणारी यंत्रं आली. माझं काम कमी झालं, रंग उडाला. तरी अण्णांचं आणि दत्ताचं पोट माझ्यावरच होतं.

दत्ता इथला कामगार. याच आषाढात त्याची बायको उल्का गेली. तेव्हापासून तो फारसं बोलत नाही. सकाळी लवकर येतो, कारण घरी थांबवत नाही.

त्याच सुमारास अण्णा सायबर कॅफेत जाऊ लागले. तिथे संगणकावर लिंडा नावाच्या बाईशी त्यांची ओळख झाली. ती परदेशात नर्स आहे म्हणे. अण्णा रोज दाढी करू लागले, काम करताना शीळ घालू लागले. लिंडा लग्नाला येणार होती. आधी तिचं तिकीट अडलं, मग सामान अडलं, मग ती आजारी पडली. दर वेळी अण्णांनी पैसे पाठवले. आता तिच्या ऑपरेशनसाठी मी जाणार होतो.

दत्ताने माळ काढली नाही. तो माझ्यापुढे उभा राहिला.

"पूजेचं यंत्र आजच्या दिवशी हलवत नाहीत, अण्णा."

"सरी, ठीक आहे अण्णा, खरं आहे त्याचं," शिवकुमारने मला हात जोडले. "उद्या येतो." त्याने टेम्पो वळवला.

अण्णा भडकले. "तुझी बायको गेली, म्हणून माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुला!"

दत्ताने हात माझ्यावर घट्ट टेकला. तो जागचा हलला नाही.

"लिंडाचा आवाज ऐकलात कधी?"

"तिकडे फोन महाग असतो."

"बरं. ती कधी रागावली तुमच्यावर?"

"कधीच नाही. देवमाणूस आहे ती."

"उल्का रोज रागवायची. शर्टाला तेल लागलं म्हणून, डबा तसाच परत आणला म्हणून. अंथरुणाला खिळली तरी डाफरायची माझ्यावर. तुम्ही दुपारचे उपाशी राहता, लिंडाने विचारलं एकदा तरी?"

"स्वल्प गप्प बस रे." अण्णांचा आवाज खाली आला होता.

"नाही बसणार. आजारी आहे ना? दवाखान्यात फोन असतोच. नंबर मागा. बूथवरून मी लावतो, बिल माझं. ती एकदा हॅलो म्हणाली, की लेथ मी स्वतः टेम्पोत चढवतो."

संध्याकाळी दोघे कॅफेत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की लिंडाने नंबर दिला नाही. "फोन नको, पैसे लवकर पाठव," एवढंच तिने लिहिलं होतं. शिवकुमार आला तेव्हा अण्णा म्हणाले, "नंतर बघू." मग ते बराच वेळ माझा चक पुसत बसले. तो स्वच्छच होता.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कोणी असं अडकलं, तर त्याला हसू नका आणि त्याला एकटंही सोडू नका. तो चिडेल, लागेल असं बोलेल. तरी त्याच्यापुढे उभे राहा.

आज माझ्यावर पुन्हा शाफ्ट फिरतो आहे. अण्णा मात्र अजूनही कॅफेत जातात आणि दत्ता शेजारच्या खुर्चीवर बसून राहतो. 'यापुढे मला लिहू नकोस' हे त्यांनी लिंडाला कळवायचं अजून राहिलं आहे.