बनुबाईचा दुसरा दगड

माझा कॅमेरा उभा करायला अकरा मिनिटं लागत आणि मला त्याचा अभिमान होता. तिवई उघडायची, तिचे तीन पाय जमिनीत रोवायचे, वर सागवानी पेटी बसवायची, भाता ओढायचा, भिंग लावायचं, डोक्यावर काळं कापड घ्यायचं. समोरच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसला की समजायचं, निम्मं काम झालं. घाई असेल त्याने आरशात बघावं, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत असे. नगरात शांतवन फोटोग्राफरचा तिरसटपणा सगळ्यांना माहीत होता.

माझी बायको कृपा छावणीच्या इस्पितळात नर्स होती. पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात एका दुपारी ती मला हाताला धरूनच तिच्या वॉर्डात घेऊन गेली. तिथे सहादेव नावाचा जवान पडला होता, राजूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीचा. ब्रह्मदेशात सुरुंग फुटला तेव्हा त्याचा एक डोळा गेला होता आणि दुसरा विझत चालला होता. आठ दिवस दिसेल, फार तर दहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मास्तर, माझ्या आयचा फोटू आना," तो म्हणाला. "मोठा आना. बारका मला दिसायचा न्हाई. आन् तिला डोळ्याचं काय बी सांगू नगा. ती रान टाकून हितं येऊन बसंल, मागं त्या रानाला कोन हाय? निम्मं धरनात गेलं, उरल्यालं तिनं दातात धरून ठिवलंय."

त्याने माझं मनगट धरलं होतं, ते सोडेना. मला राग आला, कुणावर ते कळेना. येतो घेऊन, म्हणालो.

घरी आल्यावर कॅमेऱ्यावरून भांडण झालं. विलायतेला परत निघालेल्या एका कॅप्टनने आपला घडीचा कॅमेरा विकायचा म्हणून माझ्याकडे पारखायला ठेवला होता. झाकण पाडलं की भिंग पुढे यायचं, वर तारेची चौकट, तिच्यातून बघून बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटाचा खेळ, तोही हातात धरून. पण त्याची फिल्म चार बाय पाच इंची, माझ्या काचेच्या प्लेटच्या निम्मीसुद्धा नाही.

"प्रवासाला हाच न्या," कृपा म्हणाली. "तुमचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"त्याला मोठा चेहरा हवाय. एवढ्याशा फिल्मवरून वाढवला तर पिठासारखा विस्कटेल."

"अहो, पण निघेल तरी. तुमचा उभा राहीपर्यंत माणूस उठून जातं."

मी ऐकलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला मी. तिवई, पेटी आणि प्लेटा घेऊन निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार संगमनेरला बंद पडली आणि एक अख्खा दिवस तिथेच गेला. शिदोरी सोडली तर भाकरीखाली कॅप्टनचा कॅमेरा, सोबत एक होल्डर, त्याच्या दोन बाजूंना दोन फिल्म भरलेल्या. कृपाचाच उद्योग! तिथल्या तिथे तिला चार शब्द सुनावले. ती ऐकायला नव्हती, म्हणून जरा जास्तच सुनावले.

राजूरला छगन नावाचा घोडेवाला मिळाला. सामान लादताना तिवईकडे बघून तो म्हणाला, "सायब, ह्ये वाडीत उघडू नगा. लोकं भितात."

"फोटो काढला की आयुष्य कमी होतं, तेच ना?" मी हसलो. छगन दोर आवळायला लागला आणि मीही पुढे विचारलं नाही. तिथेच मी चुकलो.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सहादेवाच्या आईच्या, बनुबाईच्या, झोपडीला कडी होती. ती सरपणाला गेली होती. खाली तिचं भात कापलेलं वावर, आणि वावराला लागून धरणाचं पाणी. तासाभरात डोंगराची सावली सगळं गिळणार होती. आधी कॅमेरा उभा करायचा, मग माणसं बसवायची, ही माझी पद्धत. वावराच्या मधोमध तिवई रोवली, हॅट काढून ठेवली आणि काळ्या कापडाखाली शिरलो.

दुधी काचेवर बांध दिसला, झाडं दिसली, सगळं उलटं. मग वरच्या अंगाने एक बाई आली, पाय वर, डोकं खाली. ती मोठी होत होती. पळत येत होती. तिचा एक हात लांब झाला होता, पण उलटं असल्यामुळे तो उगारलेला आहे की लोंबतोय, हे कळायला मला वेळ लागला. कळलं तोवर भिंग फुटलं होतं. पेटी माझ्या कपाळावर आदळली आणि तिवईसकट मी ढेकळांत पडलो.

"मोजनीवाल्या!" बाई ओरडत होती. "परत आलास व्हय रं? खालचं समदं पान्यात घातलंस, आता ह्ये बी मोजाया आलास? मढं बशिवलं तुझं!"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. वीस वर्षांपूर्वी अशीच हॅट घातलेली माणसं आली होती, असंच तीन पायांचं यंत्र रोवून भिंगातून बघत होती आणि त्यांच्यामागून पाणी आलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मी संन्यासी तरी कुठे होतो? बिनविचारता बाईच्या रानात घुसलो होतो.

झोपड्यांतून माणसं काठ्या घेऊन उतरायला लागली. बांधावरून छगन ओरडत होता, "न्हाई गं बनुमाय, मोजनीवाला न्हाई त्यो!" पण ऐकतो कोण? बनुबाईने दुसरा दगड उचलला.

पळायला हवं होतं. पण मोठा कॅमेरा गेला, ऊन चाललं, आणि ही बाई मला बोलू देईल असं दिसत नव्हतं. रिकाम्या हाताने त्या पोराला काय सांगू? शिदोरीच्या पिशवीत हात घालून कॅप्टनचा कॅमेरा काढला. झाकण पाडलं, भिंग ओढलं, होल्डरमधली फिल्म झाकणारी पट्टी उपसली, चौकटीत दगडासकट बाई धरली आणि बटण दाबलं. मग जीव खाऊन ओरडलो, "सहादेवानं धाडलंय मला!"

दगड तिच्या हातातच राहिला.

"कुठं हाय त्यो?"

"नगरला आहे. मजेत आहे. तुमचा फोटो मागतोय."

"मजेत हाय तर सोता का येईना?"

"सुट्टी नाही," मी म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, पण इतकं जड कधी गेलं नाही. शेवटी तिने दगड खाली टाकला, माझ्या कपाळावरच्या जखमेत हळद भरली आणि आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. शेजारणीची नथ घातली. उंबऱ्याशी ओठ मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली. होल्डर उलटा करून दुसऱ्या फिल्मवर मी तो फोटो काढला. निघताना तिने लेकासाठी नागलीच्या भाकरी बांधून दिल्या.

परतीच्या वाटेभर एकच किडा डोक्यात वळवळत होता: घाईत पट्टी खरंच ओढली होती का? नसेल ओढली, तर फिल्म कोरी.

नगरला पोचलो तो सहावा दिवस होता. "कालपासून त्याला माणसं नुसती सावलीसारखी दिसतात," कृपा दारातच म्हणाली. "सकाळच्या उन्हात धरलं तर थोडं दिसतं." मी तसाच अंधाऱ्या खोलीत शिरलो. दोन्ही फिल्मवर फोटो उमटले होते. दोन्ही वाढवून हातभर लांबीचे फोटो केले आणि मी मुकाट्याने कबूल केलं की चेहरा पिठासारखा विस्कटला नव्हता. कॅप्टनला निरोप धाडला, कॅमेरा मी ठेवून घेतोय.

सकाळी सहादेवाची खाट खिडकीशी ओढली. मी नथ घातलेला फोटो उन्हात धरला. त्याने डोळा अगदी कागदाला लावला. बराच वेळ बघितलं.

"ही कोन?" त्याने विचारलं.

उशीर झाला होता. संगमनेरचा तो दिवस, माझी तिवई, माझा माज, सगळं एकदम आठवलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

कृपाने पाकिटातून दुसरा फोटो काढला. तो मी आतच ठेवला होता, लाज वाटत होती म्हणून. तिने तो त्याच्यापुढे धरला. त्याचा डोळा कागदावर हळूहळू फिरला, उघड्या तोंडाशी थांबला, मग वर उचललेल्या हाताशी गेला.

"दगूड हाय?"

"हो," मी म्हणालो.

तो इतका हसला की खाट हलायला लागली. "माझी आय! मास्तर, माझी आय हाय ही! नथ घालून गप बसल्याली मी जल्मात बघितली न्हाई." मग त्याचा आवाज फाटला. "कुनाला मारती?"

"मला."

"लागला?"

"पहिला कॅमेऱ्याला लागला. हा दुसरा."

ऊन सरकेल तशी आम्ही खाट सरकवत राहिलो, दुपारपर्यंत. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. ती काय काय शिव्या देत असेल, ते तो सगळ्या वॉर्डाला सांगे.

चौथ्या सकाळी मी गेलो तेव्हा तो फोटो डोळ्याशी घेऊन बसला होता. उलटा धरला होता. मी सरळ करायला हात पुढे केला.

"असू द्या, मास्तर," तो म्हणाला. "दिसतीया मला."