फुली मारलेला प्लग

अप्पांनी करवतीच्या मशीनची दोरी सातव्यांदा ओढली. मशीन साधं खोकलंसुद्धा नाही.

माई दारात बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत होत्या. बटणांचा पत्र्याचा डबा मांडीशी घट्ट धरलेला. दोरीला हिसका बसला की माईंचा टाका चुकत होता. मागच्याच महिन्यात अप्पांना झाडावर भोवळ आली होती. खाली मशीन घरघरत लोंबकळतंय आणि वर माणूस फांदीला मिठी मारून बसलेला. डॉक्टरांनी मशीनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा अप्पांनी मान डोलावली. ती मान माई चाळीस वर्षं ओळखून होत्या. उद्या धाकट्या भावाच्या छपरावर कललेलं झाड पाडायला ते निघालेच होते.

म्हणून सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा माईंनी मशीनचा चांगला स्पार्क प्लग काढून घेतला आणि अवजारांच्या खणातला एक मेलेला प्लग त्या जागी बसवला. इतक्या वर्षांत बघून बघून तेवढं त्यांना येत होतं.

"पेट्रोल शिळं झालं असणार," अप्पा म्हणाले.

त्यांनी टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल मोजून ऑइल घालून भरलं. हवेची जाळी झटकली. चोक ओढला. पुन्हा दोरी. काही नाही.

"असू दे ना आता," माई म्हणाल्या. "जुनं झालंय ते. माझ्यासारखं."

"तू कसली जुनी. तू तर दोरी न ओढताच सुरू होतेस."

एरवी माईंनी याचं चोख उत्तर दिलं असतं. आज त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

अप्पांनी पाना घेतला आणि प्लग काढला. तो ओला होता.

"पेट्रोल पोचतंय. ठिणगी पडत नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि प्लग फडक्याने पुसू लागले.

तेव्हा कुठे माईंना आठवलं. अप्पा काहीच फेकून देत नसत. मेलेला प्लग खणात टाकण्याआधी त्यावर कानशीने फुली मारत, चुकून पुन्हा लागू नये म्हणून. घाईत ती फुली त्या साफ विसरल्या होत्या.

अप्पांचा अंगठा फुलीवर थांबला. त्यांनी खणाकडे पाहिलं, मग माईंकडे. माईंनी मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आपल्याला कधी न फसवलेल्या माणसाला आपण फसवलं, याची त्यांना लाज वाटत होती. आणि तरी, पुन्हा वेळ आली तर आपण हेच करू, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग अप्पांनी तोच प्लग परत बसवला, पान्याने आवळला. मशीनवर पाय रोवला आणि तीनदा दोरी ओढली, पूर्वीसारखी, खांद्यापासून.

"नाही होत सुरू," ते म्हणाले. "धाकट्याला फोन कर. दुसरा माणूस बघ म्हणावं."

"काय सांगू त्यांना?"

"मशीन बिघडलंय म्हणून सांग."

त्यांनी पात्यावर म्यान चढवलं आणि मशीन कोपऱ्यात, पोत्याखाली सरकवून ठेवलं. उठताना भिंतीचा आधार घेतला. माईंकडे त्यांची पाठ होती.

"चांगला कुठे ठेवलायस? ओल नाही ना तिथे? गंजतो तो."

माईंनी मांडीशी धरलेल्या डब्यावर हात ठेवला.

"बटणांच्या डब्यात आहे."

"मग ठीक आहे," अप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.