पदूच्या तोंडचं कन्फ्युजन

मित्रांनो, मी एक जुना, परमुलखातला शब्द आहे. माझं नाव कन्फ्युजन. मला हात नाहीत की पाय नाहीत. माणसाच्या जिभेवर बसून मी गावोगाव हिंडतो. ज्याची जीभ जशी, तशी माझी अब्रू.

आधी माझा अर्थ नीट समजून घ्या. समोर दोन वाटा असाव्यात आणि आपली कोणती ते खरोखरच कळू नये, त्या भांबावण्याला माझं नाव देतात. सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकमेकींत मिसळल्या तरी मला बोलावतात. अट एकच. माणूस मनानं सच्चा पाहिजे. सगळं ठाऊक असून जो करतो, त्याच्या करणीला दुसरे शब्द आहेत. मराठीत तर भरपूर आहेत आणि चांगले झणझणीत आहेत.

रसायनीला कारखाने उभे राहिले तेव्हा मी खालापूर तालुक्यात आलो. साहेबानं मला फोरमनपुढे टाकलं, फोरमननं कामगारांपुढे. धोंडूबाईचा मुलगा पदू तिथे बदली कामगार होता. तो मला घरी घेऊन आला.

धोंडूबाईचं घर भातशेतीचं. नवरा लवकर गेला, पण तिनं एक वाफा पडीक राहू दिला नाही. शेजारची मैना तिची माहेरपासूनची मैत्रीण. लावणीला दोन्ही घरं एकमेकांच्या शेतात राबायची. त्याला सावड म्हणतात. त्या वर्षी दोन्ही घरांची रोपं उपटून एकाच बांधावर टाकली गेली आणि जुड्या मिसळल्या.

"आये, कन्फ्युजन झालं," पदू डोकं खाजवत म्हणाला.

"काय झालं?"

"कन्फ्युजन. आपलं रोप कुठलं, मावशीचं कुठलं, कळत नाय."

"मग रोप कालवलं म्हण की रं. एवढ्यासाठी इंग्रजाला कशाला चिखलात उतरवतोस? त्याचे बूट भिजतील."

मैना हसत बांधावरच बसली. दोघींनी कालवलेलं रोप निम्मं निम्मं लावलं. तो माझा मानाचा दिवस होता. पुढे आमटीत दोनदा मीठ पडलं तरी आळीतल्या बायका मलाच बोलवू लागल्या, आणि मी आनंदानं जायचो.

काही वर्षांनी मैनाच्या घरचं बियाणं उंदरांनी खाल्लं. धोंडूबाईच्या माळ्यावर दोन मुड्या होत्या. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात आवळून बांधलेलं निवडक बियाणं. "एक माझी, एक तुझी," तिनं मैनाला सांगितलं. "पेरणीला ये नि घेऊन जा." कबूल केलेली मुडी दुसऱ्या घरी जात नाही, ही तिथली रीत.

पेरणीच्या तोंडावर मैना आली. माळ्यावर एकच मुडी होती.

"पदू, दुसरी कुठं हाय रं?"

"कन्फ्युजन झालं, आये. दहिवलीचा माणूस आलेला. मला वाटलं, तू त्यालाच कबूल केलीस. दिली मी."

मित्रांनो, मी त्याच्या जिभेवर होतो. जिभेवर बसणाऱ्याला पोटातलं कळतं. तो मुळीच भांबावला नव्हता. दहिवलीला त्याच्या फोरमनचं शेत होतं, आणि पदूला नोकरी पक्की करून हवी होती. मी आत जळत होतो, पण मला आपणहून बोलता येत नाही.

धोंडूबाईनं लेकावर विश्वास ठेवला. मैनानं नाही.

"असू दे गं," ती म्हणाली. "तुमच्या घरात इंग्रजी आलंय. आमी काय बोलणार?"

उरलेली मुडी धोंडूबाईच्याच शेताला लागणार होती, म्हणून मैनानं बाजारचं बियाणं पेरलं. निम्मं उगवलंच नाही. निम्मं शेत रिकामं, म्हणजे वर्षभर पोरांच्या ताटात भात अर्धा. पाणवठ्यावर ती धोंडूबाईकडे पाठ करून कळशी भरू लागली.

रोप लावणीला आलं तेव्हा फोरमन घरी आला. "पदूची नोकरी पक्की झाली, बाई. शब्दाला जागला पोरगा. होळीलाच म्हणालेला, आयेची चांगली मुडी तुम्हाला आणून देतो. स्वतः डोक्यावरून आणली."

तो गेल्यावर धोंडूबाई पदूकडे वळली. "बोल."

"त्याचं काय झालं, आये, थोडं कन्फ्युजन..."

"त्या इंग्रजाला बाहेर ठेव. तू बोल."

"दिली मी. मुद्दाम दिली. नोकरी आपल्या घरासाठीच ना?"

धोंडूबाईनं आपलं निम्मं रोप उपटलं, पदूच्या डोक्यावर दिलं आणि मैनाच्या बांधावर गेली. वाटेत पदू पुटपुटला, "चुकून गेली म्हण. घराची लाज राहील." मी घाबरलो. आता हिच्याही तोंडी मी खोटाच ठरणार.

"मैने, तुझी मुडी माझ्या लेकानं नोकरीसाठी दिली," धोंडूबाई म्हणाली. "जाणूनबुजून दिली. हे माझं निम्मं रोप."

मैना जुड्यांकडे बघत राहिली. "ठेव बांधावर. ज्यानं नेलं, त्यालाच लावू दे. तू घरी जा गं. आज मला तुझ्याशी बोलवत नाय."

धोंडूबाई घराकडे वळली. पदू चिखलात उतरला.

माझी अब्रू मात्र परत आली नाही. पदूची युक्ती गावानं उचलली. शेजाऱ्याचा बांध सरकवणारा, ठरलेली सोयरीक मोडणारा, जो तो मलाच पुढे करतो. मित्रांनो, खरोखर काही कळेनासं झालं तर मला हाक मारा. मी तुमचाच आहे. पण सगळं ठाऊक असताना मला तोंडात धरू नका. मी परका असेन, पण कुणाची चोरी झाकायचं गोणपाट नाही.