न्यायाधीशांचे नाणे

तिने डोळ्याचे भिंग काढले, काच रुमालाने पुसली आणि पुन्हा लावले. चीर तिथे नव्हतीच.

मऊ कापडावर अंगठ्याच्या नखाएवढे रोमन चांदीचे नाणे होते. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ. शेजारी शंभर वर्षांपूर्वीच्या एका लिलावाची सूची उघडी होती आणि तिच्यातल्या छायाचित्रात हेच नाणे असायला हवे होते. ठसा तोच होता. पण छायाचित्रात घोड्यांच्या पायांखाली, अगदी कडेला, केसासारखी बारीक चीर दिसत होती. समोरच्या नाण्याची कड अखंड होती, आणि चांदीची चीर काही भरून येत नाही.

नाणे अस्सल होते, याबद्दल वादच नव्हता. पण त्याच्यासोबतची वंशावळ, म्हणजे ते कुणाकुणाच्या हातून आले याची नोंद, त्याची नव्हे, दुसऱ्याच नाण्याची होती.

ती वंशावळच तर सगळे काही होती. नाण्यासोबत फिकट तपकिरी शाईतली एक चिठ्ठी होती, एका नामांकित न्यायाधीशांच्या हातची; तो जुना लिलाव त्यांच्याच संग्रहाचा होता. त्यांच्या कपाटातून आलेल्या नाण्यासाठी संग्राहक जीव टाकत. ‘हेच ते नाणे’ असा निर्वाळा देणारा कागदही सोबत होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा. खाली सही तिची. नोकरीचे पहिले वर्ष होते ते, आणि ताडून पाहायला हाताशी होती फक्त सूचीची पुसट झेरॉक्स. मूळ प्रत परवा कुठे आली. त्या एका कागदाने या धंद्यात तिचे नाव केले होते.

टेबलावरचा फोन वाजला.

“झालं का?” साहेब होते. “पाच वाजता आपल्या लिलावाच्या सूचीची पानं छपाईला जातायत. मुखपृष्ठावर तेच नाणं आहे, लक्षात आहे ना?”

“दहा मिनिटं, साहेब.”

तिने जुनी सूची मिटली. कोण कशाला उघडून बघणार होते ती? तळहात पुठ्ठ्यावर तसाच दाबून ती थोडा वेळ बसली. मग नाणे उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते. नाणे त्यांचे. हयात शस्त्रक्रियांत गेली होती. गेल्या दोन वर्षांत नजर जवळजवळ गेली होती. शेजारी त्यांची लेक, त्यांच्या दंडावर हात ठेवून.

“बाई, फार वेळ लावलात,” पावलांच्या आवाजाकडे वळून डॉक्टर म्हणाले. “चिरफाड तर नाही ना केलीत?”

लेक हसली, एकटीच.

“डॉक्टर, तेव्हा माझं चुकलं. चिठ्ठी न्यायाधीशांचीच आहे. नाणं त्यांचं नाही.”

“म्हणजे?” लेकीचा आवाज चढला. “तुमच्या सहीवर भरवसा ठेवून बाबांनी ते घेतलं. आता विकायच्या वेळी हात वर करताय?”

“नाही. चूक माझी आहे, आणि नव्या सूचीत ती माझ्याच नावाने छापून येईल.”

“बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी!”

डॉक्टरांचा अंगठा काठीच्या मुठीवर फिरत राहिला.

“कडेला चीर नाही,” ते म्हणाले. “हेच ना?”

चिरेबद्दल तिने अवाक्षरही काढले नव्हते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दुसऱ्याच वर्षी ती जुनी सूची माझ्या पाहण्यात आली.”

“मग तेव्हाच का नाही आलात?”

“तुमची नोकरी नवी होती. गेली असती. असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? लोक घरी यायचे नाणं बघायला. न्यायाधीशांनंतर डॉक्टर, असं म्हणायचे. बरं वाटायचं ऐकायला.”

“आणि आज?”

“आज वाटलं, तुम्ही पुन्हा बघणार नाही. स्वतःच्या सहीवर कोण संशय घेतं?”

लेकीने त्यांच्या दंडावरचा हात हळूच काढून घेतला.

आत फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. तिने जाऊन तो उचलला.

“साहेब, मुखपृष्ठ बदलावं लागेल.” पलीकडचे सगळे तिने ऐकून घेतले. “हो, सही माझीच आहे. हो, कळतंय मला याचा अर्थ काय होतो ते.”

ती परतली तेव्हा तिच्या हातात दोन छोटी पाकिटे होती. एकात नाणे, दुसऱ्यात चिठ्ठी. तिने ती डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दोन्ही पाकिटे बोटांनी चाचपली आणि हलके पाकीट तिच्यापुढे धरले.

“ही चिठ्ठी इथेच ठेवा. तिचं नाणं असेल कुणाकडे तरी.”

“आणि हे?” लेकीने विचारले.

“हे घरी न्यायचं.”

डॉक्टर उठले. सवयीने त्यांनी हात पुढे केला. लेक पर्सची चेन लावत होती. लावून झाली तरी ती पर्सकडेच बघत राहिली. हात तसाच अधांतरी होता.

“चला,” शेवटी तो हात धरत लेक म्हणाली. “पुढे पायरी आहे.”