पाहणीचा दिवस

वडखळजवळच्या शेडमध्ये नूतनने गाड्या मोजल्या. सात. चार पिकअप, दोन रिक्षा, एक ट्रॅक्टर. सगळ्या सावलीत, ऊन अजून फाटकापाशीच अडलेलं. डावीकडून तिसरी पिकअप जगनची, तिच्यासोबत आलेल्या वडिलांची. पेणचे गणपती पेंढ्यात बसवून गावोगाव नेणारी. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ती उचलून आणली होती. उद्या लिलाव, आज पाहणी.

शेडचा मॅनेजर निकेश चहा पीत मागोमाग आला.

“ही बंद हाय, काका. इंजिन जाम. आणली तेव्हापासून सुरूच झाली नाय. लिलावाच्या यादीतही तसंच लिहिलंय.”

“तुमच्या पोरांनी तर माझ्या दारातनं चालवतच नेली,” जगन म्हणाला.

“मशीन हाय. माणसं आजारी पडतात, मशीन नाय पडणार?”

नूतनने मनात हिशेब मांडला. बंद म्हणून गाडी भंगाराच्या भावात जाणार, आणि कर्जातलं उरलेलं पुन्हा बाबांच्याच मानेवर बसणार.

“गाडीची खरी अवस्था सांगूनच विकायची असते,” ती म्हणाली. “चावी द्या. सुरू करून बघते.”

“चावी ऑफिसात, रोह्याला. आणि ताई, एवढे नियम वाचलेत तर पाहणी म्हणजे काय ते पण वाचा. पाहायचं. हात नाय लावायचा.” निकेश हसला. “एवढी माया असेल तर उद्या बोली लावा की!”

जगनने चपला काढल्या. रोज पहिल्या फेरीआधी करायचा तसा नमस्कार करायला त्याने बॉनेटवर तळहात टेकला आणि झटक्यात मागे घेतला.

“नूतन, तापलीय गो ही.”

“पत्रा तापतो हो, काका,” निकेश म्हणाला. चहाचा कप मात्र त्याने खाली ठेवला.

नूतन रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून थेट इथे आली होती. तिने बॅगेतून प्रयोगशाळेतली, हात न लावता दुरून तापमान मोजायची बंदूक काढली. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो वडिलांच्या हातात दिला.

“हलवू नका, बाबा.”

“ओ ताई, हे चालणार नाय इथे!”

“हात कुठे लावतेय मी?”

तिचा आवाज शेडभर घुमला. निकेश जागीच थांबला.

आधी डावीकडची पिकअप. एकतीस अंश. मग उजवीकडची. एकतीस. तिने बंदूक दोन्ही हातांनी धरली आणि मधल्या बॉनेटवर रोखली.

अठ्ठावन्न.