हा कर

“हा कर,” दारात आडवी उभी राहून ती म्हणाली.

नवऱ्याने तोंड उघडलं. तिने नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि मग बाजूला झाली. डेअरीत दिवसभर तिचं हेच काम होतं. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, दूध आत घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. घरी रोज संध्याकाळी सातला नवऱ्याची पाळी. वास आला की ती त्याच्या तोंडावर दार लावायची आणि तो जिना उतरून सरळ पुन्हा प्यायला जायचा. आठ वर्षं हे चाललं. आता व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन त्याला चार महिने झाले होते. पुन्हा वास आला तर दार कायमचं बंद, हे तिने त्याला बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या डॉक्टरांनी दोघांना मेंदूचं चित्र दाखवलं. डॉक्टर तिच्याहून दहा वर्षांनी लहान असतील, तेवढ्यानेच तिचं डोकं उठलं. दारू पोटात जायच्या आधीच मेंदू पेटतो, असं त्यांचं म्हणणं. तो खुणा शिकतो. एखादं वळण, एखादी वेळ, एखादा शब्द. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, जास्त त्रास कधी होतो?

तो फरशीकडे बघत बोलला.

“सातला. दारात. दिवसभर आठवणही नसते. ही ‘हा कर’ म्हणाली की तोंडात चव येते.”

“वा! म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर,” ती म्हणाली. “याच्या ओकाऱ्या पुसल्या मी, आणि आता दोषीही मीच.”

दोष कुणाचाच नाही, डॉक्टर शांतपणे म्हणाले. फक्त एक महिना वास घेणं बंद करा, नाहीतर चार महिने पाण्यात जातील. आणि कधी घसरलाच, तर एकदा घसरलं म्हणजे सगळं गेलं असं नाही.

“म्हणजे प्यायची सोयच झाली,” ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली. तिला त्या दोघांचाही भयंकर राग आला होता.

संध्याकाळी एकच कप तिने दोनदा घासला. पुन्हा पुन्हा घड्याळ बघितलं. बेल वाजली. दारात त्याने सवयीने तोंड उघडलं.

“मीट ते,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

तो आंघोळीला गेला. शर्ट खुंटीवर होता. तिने तो काढला आणि कॉलर नाकाशी धरली. घाम, त्याच्या छापखान्याची शाई, बसचा धूर. पुन्हा हुंगली. मग बाह्या.

“जमलं नाही?”

तो मागे टॉवेल गुंडाळून उभा होता. तिचे कान तापले. तिने शर्ट त्याच्या अंगावर फेकला.

“एकदा घसरलं म्हणजे सगळं गेलं असं नाही,” तो म्हणाला.

“मला शहाणपण शिकवू नकोस.”

त्याने शर्ट खुंटीला लावला.

“तुला सातच्या आधीपासूनच तलफ येते ना?”

चांगलं तिखट काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“पावणेसातपासून,” ती म्हणाली.