बाटलीतली लेक

मी एक जुनी मूत्रपिंडातली पेशी आहे. मित्रांनो, जुनी म्हणजे पाच महिन्यांची. बाटलीत राहायला लागल्यावर आम्ही तेवढ्यातच म्हाताऱ्या होतो.

माझे कूळ एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पोटातले. देवाने काम मोठे नेमून दिले होते. गाळून आलेल्या पाण्यातले चांगले तेवढे परत घ्यायचे, वाईट जाऊ द्यायचे. एवढीच भक्ती, आणि ती आम्ही रात्रंदिवस केली. मग मुलगी अपघातात गेली. मूत्रपिंडे इतकी चेचली होती की ती कुणाला बसवता येईनात. तिच्या आईने सही करून एक तुकडा प्रयोगशाळेला दिला. "कुठंतरी जगू दे तिला," एवढेच म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या ताईने आम्हाला चपट्या बाटलीत वाढवले. गुलाबी पाणी पाजले, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवले. फरशा बसवाव्यात तशा आम्ही एकमेकींना बिलगून पसरलो. पुढे अंगावर नव्या औषधांचे थेंब पडू लागले. कोणते औषध मूत्रपिंडाला घातक, ते आमच्या मरणावरून कळे. हजारो बहिणी गेल्या. पण कुणाचे तरी भले होत होते, म्हणून तक्रार नव्हती.

"थोड्या गोठवून राखून ठेव, बाटलीत या फार टिकत नाहीत," प्रयोगशाळेचे साहेब ताईला सांगत.

"उद्या ठेवते, सर."

तो उद्या उजाडलाच नाही. एका दुपारी ताईला जेवायची घाई होती. तिने दोन बाटल्या एकदम उघडल्या. दुसरीत कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या, कधीच न थकणाऱ्या पेशी होत्या. ताईने त्यांना पाणी घातले आणि तीच नळी आमच्या बाटलीत बुडवली. टोकाला चिकटून चार-दोन पाहुण्या आत आल्या. त्या रोज दुप्पट होत. आम्हाला आठवडा लागे, पुढे तेही जमेना. दीड महिन्यात घर त्यांचे झाले. मी तेवढी कोपऱ्यात उरले.

हे ताईच्या ध्यानात आले, त्याच सकाळी मुलीची आई दारात उभी राहिली. लेकीला एकदा बघायचे होते.

"सर, यात आता तिचं काही नाही. सांगायला हवं," ताई कुजबुजली.

"बघू दे. तिला काय कळतंय?"

आईने पदराने हात पुसले, जणू तान्हे उचलायचे आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि हसली.

"किती भरलीये गं. घरातही एका जागी बसायची नाही माझी पोर."

"हो ना, मावशी," ताई म्हणाली.

मग आईची नजर माझ्यापाशी थांबली.

"ही कोपऱ्यातली सुकलेली कोण? काढून टाक बाई हिला. माझ्या लेकीला हिची लागण नको."

ताईने खाली बघत मान हलवली. आई जिना उतरून समाधानाने घरी गेली.

मित्रांनो, बाटली एका वेळी एकच उघडा. आजचे गोठवणे उद्यावर टाकू नका. आणि हातून चूक झालीच, तर आईला तरी खरे सांगा. चांगले ठेवून वाईट जाऊ देणे हे माझे काम होते, पण त्या माउलीचे बोल कुठे जाऊ द्यावेत ते मला कळत नाही. ताईने आम्हा सगळ्यांना मारून बाटली साफ करायला ब्लीच घेतले आहे. ब्लीचची बाटली आमच्या बाटलीच्या तोंडावर तिरकी होते आहे.